धुराड्याचा धूर

आण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, जेवण सोडलं त्याला तीन-चार दिवस झाले होते. आयुष्यभर ते साखर कारखान्यात बॉयलरवर होते. दर गळीत हंगामाला बॉयलर पेटला की धुराड्यातून धूर दिसेपर्यंत उपास धरायचे. कारखाना कधीच बंद पडला. आण्णांच्या डोक्यातून बाकी सगळं पुसलं गेलं, हा उपास तेवढा शाबूत राहिला.

"धूर निघाला का रं?"

"निघाला, आण्णा."

"खोटं बोलतुयास."

पाणी पाजलं तर ओठांवरून ओघळायचं. डॉक्टर म्हणाले, समजूत काढा. अहो, काढली की! हात जोडले, रडलो, एकदा तर ताट आपटलं. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता आणि मला काही सुचत नव्हतं.

मी शिर्डीकडच्या लग्नांत ड्रोन उडवतो. शेवटी म्हटलं, हेच करून बघू. भंगारवाल्यांनी कारखाना सोलून नेलाय, जुनं विटांचं धुराडं तेवढं उभं आहे. त्याच्या मागं उसाचं ओलं पाचट पेटवलं आणि ड्रोन असा धरला की धूर थेट धुराड्याच्या तोंडातून निघतोय असं वाटावं. वारा फिरला तर? साईबाबा, एवढा एक घास जाऊ दे त्यांच्या पोटात!

घरी येऊन मोबाईल त्यांच्यासमोर धरला. आण्णा उठून बसले! "निघाला गं सूनबाई, लई झ्याक धूर निघाला!" बायकोला रडूच फुटलं. तिनं दूधभाकरीचा घास उचलला. त्यांनी तोंड उघडलं.

व्हिडिओ चालूच होता. लग्नात शेवटी ड्रोन मांडवावरून फिरवून आणायचा, ही माझी सवय. कर्म माझं! इथंही हातानं तेच केलं होतं, आणि घाईत तेवढा तुकडा कापायचा राहिला. पडद्यावर वरून बॉयलरघर दिसलं. पत्रे नाहीत, बॉयलर नाही, आत नुसत्या वेड्या बाभळी.

मी मोबाईल ओढला. आण्णांनी मनगट धरलं. एवढं बळ कुठून आलं कुणास ठाऊक.

"माझ्या पाळीत बॉयलर इजला का रं?"

"न्हाई आण्णा, तुमची शपथ, तुमच्या पाळीत न्हाई!"

त्यांनी मनगट सोडलं आणि तोंड मिटून घेतलं. ते मिटलं ते मिटलंच. बायको घास हातात धरून कितीतरी वेळ तशीच बसली होती.