उदाहरण म्हणून माझा रिपोर्ट

गेल्या वर्षीपर्यंत मी प्रोग्रॅम लिहायचे. आता ते एआय लिहितं आणि मी तपासते. माझा चहा निवायच्या आत ते शेकडो ओळी लिहून मोकळं होतं. त्या वाचून मी एक बटण दाबायचं, की हे मी तपासलं अशी माझ्या नावाने नोंद होते. प्रोग्रॅम नीट चालतो का हे बघणाऱ्या चाचण्याही तेच लिहितं. पेपरही त्याने लिहायचा, तपासायचाही त्याने, आणि नापास झालं तर पालक म्हणून सही माझी.

आमची कंपनी पॅथॉलॉजी लॅबना सॉफ्टवेअर देते. रक्त दिलं की मोबाइलवर लिंक येते, ती उघडली की रिपोर्ट. सरावासाठी आम्ही खोटे पेशंट बनवून ठेवलेत. एका गुरुवारी त्यातल्या एकाच्या लिंकमधला शेवटचा आकडा मी सहज बदलला, तर समोर दुसऱ्याचाच रिपोर्ट आला. चाचण्या उघडून पाहिल्या. ज्याचा रिपोर्ट त्याला दिसतो का, हे मशीनने नाना तऱ्हांनी तपासलं होतं. दुसऱ्या कुणाला दिसत नाही ना, हे एकदाही नाही. आणि निकाल सगळा हिरवागार.

मी साहेबांकडे गेले. साहेब माझ्यापेक्षा वयाने लहान आहे आणि अगंतुगं करतो. आमच्याकडे त्याला कल्चर म्हणतात.

"हे डमी डेटावर आहे गं," तो म्हणाला. "तिथे सिक्युरिटी लूजच ठेवलीय. लाइव्हवर, खऱ्या पेशंटची एक केस दाखव, मी स्वतः रिलीज थांबवतो."

सोमवारपासून शहरातल्या बऱ्याच लॅब या नव्या सॉफ्टवेअरवर येणार होत्या. एका लॅबमध्ये ते आधीच सुरू होतं. म्हणजे दार उघडं आहे हे पटवायला मी कुणाच्या तरी घरात शिरायचं, आणि नाही शिरले तर सोमवारी बटण मीच दाबायचं. इकडे आड, तिकडे विहीर. घरी जाताना बसमध्ये मला रडू येईल इतका राग आला होता. कुणा परक्याचं दुखणं चार जणांपुढे उघडं करायचा मला काय अधिकार? अधिकार होता तो एकाच रिपोर्टवर. माझ्या.

त्याच लॅबमध्ये मी काही दिवसांपूर्वी रक्त दिलं होतं. मूल होण्याची आशा किती उरलीय ते सांगणारी तपासणी. घरात कुणालाच माहीत नव्हतं, नवऱ्यालाही नाही. "आम्हालाच घाई नाही," असं आम्ही दोघं सगळ्यांना सांगत आलो होतो, आणि त्याला ते खरं वाटत होतं. रिपोर्ट वाईट आला होता. त्याला कसं सांगायचं, या विचारात मी एकेक रविवार पुढे ढकलत होते.

शुक्रवारी मीटिंगला साहेब धरून चौघे होते. त्यातला एक आमच्या नारायण पेठेतलाच; त्याची आई आणि माझ्या सासूबाई एकाच भजनी मंडळात. मी मनाशी हिशेब केला होता, की वर नुसतं नाव आणि वय दिसतं, तेवढं दाखवून बंद करायचं. पण लॅपटॉप साहेबाचा होता. लाइव्हवर एक नवं, रिकामं खातं उघडून त्यातून त्याला मी लिंकमध्ये माझ्या रिपोर्टचा नंबर टाकायला लावला. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर माझं नाव आलं.

"पटलं?" मी विचारलं.

"एक मिनिट, पूर्ण लोड होतोय का बघू," म्हणत त्याने पान खाली सरकवलं.

लाल अक्षरांत आकडा होता आणि त्याखाली डॉक्टरांचा शेरा. पेठेतल्या सहकाऱ्याने खाली मान घालून मोबाइल काढला, तेव्हाच कळलं की त्याने वाचलंय. साहेब "सॉरी" म्हणाला आणि रिलीज थांबवलं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. पण दुरुस्ती तपासायला मीच हवी होते.

दुरुस्ती मशीननेच केली, क्षणात. मी मात्र ती संध्याकाळपर्यंत उलटसुलट तपासली आणि मग बटण दाबलं. परक्या खात्यातून माझा रिपोर्ट आता उघडत नव्हता. "बघ, किती सोपं होतं," साहेब म्हणाला. मी पर्स उचलली आणि बस गाठली.

त्या सहकाऱ्याने मुद्दाम काही सांगितलं नसणार. भला माणूस आहे. काळजीपोटी आईजवळ एखादं वाक्य बोलला असेल. पण आमच्या पेठेत काळजीला पाय फार.

रविवारी सकाळी नवरा अंघोळीला गेला होता. सासूबाई मेथी निवडत होत्या, मीही समोर बसून एक जुडी सोडली.

"काल भजनाला कळलं मला," त्या मान वर न करता म्हणाल्या.

मी देठ तोडत राहिले. आत पाण्याचा आवाज थांबला आणि न्हाणीघराची कडी वाजली.

"त्याला तू सांगतेस," त्यांनी हळू आवाजात विचारलं, "की मी सांगू?"