अ वरून शिवी

आमच्या मावशीच्या शिव्या ऐकून छापखान्यातला कॉम्प्युटर मेला, असं सगळी गल्ली म्हणते. साफ खोटं. एक तर तो मेला नव्हता, आणि मावशीने शिवी नुसती दिली नव्हती, टाइप केली होती.

मावशी तिथे अक्षरजुळणी करते. तिचं मशिन जुनं, ट्रंकेएवढं. चालू केलं की कंट्रोल पॅनेलचे छोटे जोड-प्रोग्रॅम एकेक करत आत येतात आणि दवाखान्यातल्या बाकावर बसावीत तशी त्यांची चित्रं पडद्याच्या तळाशी ओळीने बसतात. नंबर लागतो इंग्रजी स्पेलिंगच्या क्रमाने. आधी ‘अक्षर’, ते आपली अक्षरं आणतं. मग ‘बाराखडी’, ती कुठल्या कळीला कुठलं अक्षर ते ठरवते.

एकदा ‘अक्षर’ने सगळे रफार गिळले. ‘सर्व’चं ‘सव’ झालं. मावशीचं डोकं सटकलं. “गिळ मेल्या, गिळ! थांब, तुझं नावच बदलते!” आणि तिने त्याचं नाव ठेवलं ‘येडपट’.

दुसऱ्या दिवशी मशिन चालू केलं, ते अर्ध्यातच गोठलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा गोठलं.

मालक आले. त्यांच्या जिभेवर कायम पाक. “ताई, यंत्रालाही मन असतं, काय म्हणतो मी? तुमच्या जिभेपुढे बिचारं टिकलं नाही. संध्याकाळपर्यंत चाललं तर ठीक, नाहीतर भंगारात. नव्या मशिनवर आमचे जावई बसतील. तुम्ही बाइंडिंगला बसा, तिकडे वारा छान येतो, काय म्हणतो मी?”

“मग जावयाला बसवा की वाऱ्यावर!” मावशी कडाडली. “कोपर टेकून टेकून या टेबलाला खळगा पाडलाय मी. आणि मला वारा दाखवतात!”

मालक तिथून निघाले आणि दिसेल त्याला ‘जिभेने यंत्र मारलं’ सांगत सुटले. दुपारपर्यंत गल्लीत तेच. रोजचा डबा द्यायला गेले तर मलाही कोपऱ्यावरच कळलं. मावशी मशिनला, मालकाला, जावयाला आणि त्या वाऱ्यालासुद्धा आळीपाळीने झोडत होती. तिने परत बटण दाबलं.

“मावशी, याचा आवाज बदललाय,” मी म्हटलं. “आधी खर्रर्र करायचं आणि मग टक-टक. आता आधीच टक-टक आणि मग गप.” दोन्ही आवाज काढून दाखवले.

“माझी नक्कल झाली, आता मशिनची का?” ती खेकसली आणि एकदम थांबली. “परत काढ बघू.” मी परत काढले. “खर्रर्र अक्षरचं, टक-टक बाराखडीची. म्हणजे बाराखडी आधी घुसली! येडपट वाय वरून, तो गेला शेवटाला. आता अक्षरंच आली नाहीत तर ती कळींवर बसवणार काय, कपाळ?”

शिफ्टची कळ दाबून धरली की मशिन सगळ्या जोड-प्रोग्रॅमांना दाराबाहेर ठेवून उघडतं. मावशीने तसं उघडलं.

“आता नाव परत ‘अक्षर’ ठेव,” मी म्हटलं.

“मुळीच नाही! माझी जागा घालवायला निघाला होता तो. शिवीच राहील त्याची. फक्त पुढे बसेल.” तिने ‘बावळट’ ठेवलं. मशिन पुन्हा गोठलं. बावळटातला व्ही बाराखडीतल्या आरच्या मागे!

बाहेर भंगाराची हातगाडी येऊन थांबली.

“अ वरूनच लागणार,” मी म्हटलं. “आणि अ वरून तुझ्याकडे शिवीच नाही. मला सगळ्या पाठ आहेत. लाव पैज! हरलीस तर त्याला ‘अहो’ म्हणायचं.”

“अहो? ते तुझ्या काकांसाठी राखून ठेवलंय, आणि सध्या त्यांनाही मिळत नाहीये. तू हरलीस तर सुट्टीभर माझी नक्कल बंद.”

दारात मालक. “ताई, उचलायचं ना मग? काय म्हणतो मी?”

मावशीने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. गल्लीभर काडी लावत फिरलेला तो माणूस. नजर न हलवता तिने शिफ्ट धरून मशिन उघडलं, नाव बडवलं आणि परत चालू केलं.

खर्रर्र. टक-टक. चित्रं एकेक करून बाकावर बसली. सगळ्यात पुढे, स्पेलिंगात दोन ए घेऊन, ‘आगलाव्या’.

मालकांनी गाडीवाल्याला हातानेच जा म्हणून सांगितलं. मी मावशीच्या आवाजात “मेल्या—” एवढंच म्हणाले.

“पैज!” मावशी ओरडली.

त्यामुळे सध्या सुट्टीभर मी फक्त मालकांची नक्कल करते, काय म्हणतो मी?