कासमभाई आले नाहीत?

केसरीनाथला नाटकापेक्षा नाटकानंतरची वीस मिनिटं जास्त आवडायची. पडदा पडला की लोक चपला चाचपत बाहेर पडत. हा उलट्या दिशेने निघे. रंगपटाच्या दाराशी दहा-पंधरा माणसं उभी असत. कोणाच्या हातात गजरा, कोणाच्या हातात वही. केसरीनाथच्या हातात पुठ्ठ्याच्या बांधणीची वही असे आणि डोक्यात पाठ केलेली चार वाक्यं.

तो मूळचा राहनाळ गावचा. भिवंडीत एका शाळेत कारकून होता. दाखल्यांवर आणि हजेरीपटांवर दिवसभर दुसऱ्यांची नावं लिहायची, हे त्याचं काम. अक्षर असं, की पालक दाखला हातात घेऊन आधी अक्षर बघत, मग नाव. घरची बोली आगरी. पण नाटकं बघून बघून त्याने स्वतःला दुसरी भाषा शिकवली होती. शाळेत तो ‘नाही’ म्हणे, राहनाळला ‘न्हाय’. या दोघींची गाठ तो कधी पडू देत नसे.

सुचेता राजाध्यक्ष मुंबईच्या. भिवंडीतल्या वाचनालयाचं मंडळ वर्षाला एक-दोन नाटकं आणायचं. त्यात बाईंचं एक ठरलेलं. १९८१ साली केसरीनाथ पहिल्यांदा त्यांच्यासमोर उभा राहिला. चार वाक्यं बोलून झाली. बाईंनी तोंडावरचा रंग पुसत विचारलं, “आपलं नाव?” त्याने सांगितलं. त्यांनी वहीत लिहिलं, ‘केसरीनाथ यांस, सस्नेह’. खाली सही.

पुढच्या वर्षी तोच प्रश्न. त्याच्या पुढच्या वर्षीही तोच. सहा वर्षांत सहा सह्या झाल्या आणि सहाही वेळा बाईंनी विचारलं, “आपलं नाव?”

त्याचं मागणं फार नव्हतं. एकदाच, न विचारता, बाईंनी त्याचं नाव घ्यावं. एवढंच.

“मंग कपालावर लिवून जा ना,” गुणाबाई म्हणायची. ही त्याची बायको. तिला नाटकाचं काही नव्हतं. पण दुसरं तिकीट तिचंच असे.

सत्त्याऐंशी साली नेमकी ती भाच्याच्या हळदीला गेली. तिकीट वाया जाऊ नये म्हणून केसरीनाथने शेजारच्या कासमला विचारलं. कासम जॉबर होता. यंत्रमागाच्या शेडमधला लूम बिघडला की तो चालू करून द्यायचा. वीस वर्षं त्या खडखडाटात काढून त्याचे कान निम्म्याहून जास्त गेले होते.

“मला काय ऐकू येणार रे केसरी?” कासम म्हणाला.

“नको येऊ दे. शेजारची खुर्ची रिकामी दिसते, ते वाईट.”

प्रयोग शुक्रवारी दुपारी चारचा होता. त्या दिवशी लूम बंद असतात. कासम इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. दुसऱ्या रांगेत गुडघ्यांवर हात ठेवून तीन तास बसला. लोक हसले तेव्हा हसला. दोनदा लोक हसले नाहीत तेव्हाही हसला. केसरीनाथने त्याला कोपराने ढोसलं. लाज वाटली त्याला.

नंतर कासमही मागोमाग रंगपटात आला. केसरीनाथने वाक्यं म्हटली. बाई म्हणाल्या, “वा, छान. आपलं नाव?” सातवी सही झाली. तेवढ्यात कासम पुढे झाला.

“बाई, एक विचारू? दुसऱ्या अंकात तुम्ही रडत होता ना, तेव्हा त्या नवऱ्याला बोललात, ‘मेल्या, साडीवरचा पाय काढ’. ते नाटकातलंच काय?”

 नवऱ्याचं काम करणारा नट खो खो हसत सुटला. बाईंच्या हातातला कापूस तसाच राहिला.

“तुम्हाला ऐकू आलं? मी तर ओठांतल्या ओठांत बोलले.”

“ऐकू कुठलं येतंय बाई? दिसलं.”

मग कासमने आपलं नाव सांगितलं आणि शेडचंही सांगितलं. शेडमध्ये ओरडून उपयोग नसतो. कामगार नुसते ओठ हलवतात आणि समोरचा ते बघतो. चौथ्या लूमवरून शिवी निघते आणि बाराव्यावरून बिनआवाजाची परत येते. बाई खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या. अजून काय काय दिसलं, ते विचारू लागल्या. कासम म्हणाला, “बाकी सगळं समजलं. पण मुलाला हाक मारता तेव्हा तुम्ही मान खाली घालता. हाक मारणारी बाई मान खाली कशी घालेल?”

बाईंनी बसल्या जागी एकदा मान खाली घालून बघितली, एकदा वर करून. मग म्हणाल्या, “बरोबर आहे तुमचं. कासमभाई ना? पुढच्या वेळी नक्की या.” आणि केसरीनाथकडे वळून म्हणाल्या, “यांना आणा हं तुम्ही.”

घरी येताना कासम खुशीत होता. “भली बाई हाय,” म्हणाला.  सात वर्षांत केसरीनाथसाठी कोणी खुर्ची ओढली नव्हती.

पुढच्या वर्षी दारात पाऊल टाकतो न टाकतो तोच बाईंनी विचारलं, “कासमभाई आले नाहीत?” कासम मागेच होता. बाईंनी त्याला हात धरून आत नेलं. केसरीनाथच्या वाक्यांना त्या दिवशी जागाच मिळाली नाही. नाटक गेल्या वर्षीचंच होतं, पण या प्रयोगात बाईंनी मुलाला हाक मारताना मान वर ठेवली होती. टाळ्या पडल्या होत्या. प्रत्येक टाळी केसरीनाथच्या कानशिलात बसली होती.

असं दर वर्षी. एकदा बाईंनी आपल्या दिग्दर्शकाशी ओळख करून दिली. “हे कासमभाई. यांच्याबद्दल मी बोलते ना, ते. आणि हे...” बाई थांबल्या. “हे त्यांच्याबरोबर असतात.”

त्याच्याबरोबर! तिकीट केसरीनाथचं, वाट केसरीनाथची, आणि तो ‘त्यांच्याबरोबर’. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. ही म्हण त्याने मनात इतक्यांदा घोळली, की एकदा दाखल्यावर लिहिता लिहिता राहिला.

गुणाबाईला सगळं कळत होतं. “तुमच्या बायला आता कासमभावजीच पायजेल,” ती म्हणायची. “तुमी न्हाय.”

मग त्याने आपणही ओठ वाचायला शिकायचं ठरवलं. कानात कापूस घालून गुणाबाईसमोर बसला. म्हणाला, “बोल काहीतरी.” ती बोलली. पुष्कळ बोलली. हातवारे करून बोलली. याला एक अक्षर लागलं नाही. कापूस काढला तेव्हा ती पाण्याला निघून गेली होती आणि दारात उभी शेजारीण पदरात तोंड घालून हसत होती.

कासमचं बाकी काही बदललं नव्हतं. तो केसरीनाथच्या घरचा पंखा फुकट दुरुस्त करायचा. ईदेला त्याच्या बायको, तय्यबाभाभी, सांदणांचं ताट पाठवायच्या. केसरीनाथ ती सांदणं खायचा आणि खाता खाता जळायचा.

चौऱ्याण्णव साली शाळेच्या पत्त्यावर पाकीट आलं. वर बाईंच्या हाताने लिहिलेलं त्याचं नाव. इतक्या वर्षांत त्याने त्यांना चाळीसेक पत्रं पाठवली असतील. उत्तर आलं ते हे पहिलं. त्याने दार लावून घेतलं आणि पाकीट फोडलं.

‘नवीन नाटक घेऊन शुक्रवारी येते आहे. सोबत दोन प्रवेशिका. शेवटी चार मिनिटांचा एक प्रवेश आहे, त्यात कोणीच बोलत नाही. तो कासमभाईंना पोचतो का, हे मला पाहायचं आहे. त्यांना घेऊनच या.’

केसरीनाथने पत्र दोनदा वाचलं. मग नुसतं पाकीट बघत बसला.

संध्याकाळी कासमने विचारलं, “या साली नाटक हाय ना? बोर्ड लागलाय.”

“तिकिटं संपली,” केसरीनाथ म्हणाला. “मलाही कसंबसं एक मिळालं.”

“जाऊ दे. पुढल्या टायमाला जाऊ. बाईंना सलाम सांग.”

शुक्रवारी तो एकटा गेला. शेजारच्या खुर्चीवर त्याने रुमाल ठेवला. शेवटचा प्रवेश आला. मुलगा घर सोडून निघालाय आणि आई त्याची पिशवी भरतेय. बोलत कोणीच नाही. सभागृहात पाचशे माणसं. त्या चार मिनिटांत कान कोणाच्याच कामाचे नव्हते. सगळे कासमसारखे नुसते बघत होते. एक कासमच तेवढा तिथे नव्हता.  

रंगपटात बाईंनी त्याच्या मागे पाहिलं. “कासमभाई आले नाहीत?”

“त्याला बरं नाही,” केसरीनाथ म्हणाला. वाक्य तयार होतं.

“काय झालं?”

एवढी तयारी त्याने केली नव्हती. “ताप,” तो म्हणाला. “चार दिवस झाले. उठवत नाही.”

आता बाई ‘अरेरे’ म्हणतील, खुर्ची ओढतील, असं त्याला वाटलं होतं. बाईंनी अरेरे म्हटलं आणि चपला पायात सरकवल्या. “घर लांब आहे का? चला, बघून येऊ. सामान भरून बस निघायला अर्धा तास आहे.”

“बाई, कशाला उगाच... वस्तीत चिखल आहे...”

“असू दे हो.”

रिक्षा बाजारातून निघाली. बाईंच्या गालावर अजून रंग होता. लोक थांबून बघत होते. शाळेचे हेडमास्तर भाजीची पिशवी घेऊन उभे होते, त्यांनी बघितलं. सुचेता राजाध्यक्ष आणि शेजारी केसरीनाथ. असं चित्र त्याने तेरा वर्षं मनात रंगवलं होतं. आता ते रस्त्यावरून चाललं होतं आणि त्याला वाटत होतं, रिक्षा उलटावी.

दोघांची गल्ली दिसली तसा तो बोलला. वाक्यं पाठ नव्हती. जी आली ती राहनाळची आली.

“बाई, तो आजारी न्हाय.”

बाईंनी वळून पाहिलं.

“मी त्याला सांगितलंच न्हाय. चिठ्ठी दावली न्हाय तुमची. तिकीट हाय माझ्या खिशान.”

“का पण?”

“तुमी त्याचं नाव घेता. माझं तुमाला येत न्हाय.”

रिक्षा खड्ड्यातून गेली. बाईंनी दांडी धरली. मग म्हणाल्या, “पाकिटावर मी लिहिलं होतं की.”

“माझ्या पत्रावरचं बघून लिवलंत.”



कासम बनियनवर ओट्यावर बसून लूमचा एक धोटा कानशीने घासत होता. बाईंना बघून धडपडत उठला. तय्यबाभाभींनी आतून खुर्ची आणली, पदराने पुसली. गल्लीतली पोरं जमली. “बाई! तुम्ही? इथं?” कासमला हसू आवरेना. “अरे केसरी, सांगायचं तर खरं! शर्ट तरी घातला असता!”

बाई बसल्या. पाणी प्यायल्या. कासमच्या समोर तोंड धरून, सावकाश, शब्द सुटे करत बोलल्या. मनात वाईट काहीच नव्हतं. सांधायलाच आल्या होत्या त्या.

“कासमभाई, केसरीनाथांवर रागावू नका हं.”

केसरीनाथने ऐकलं. न विचारता, न अडखळता, स्वच्छ. केसरीनाथ.

“त्याच्यावर? मी कशाला रागावू?” कासम हसत म्हणाला.

मग बाईंनी सांगितलं. पत्राचं, दोन प्रवेशिकांचं, चार मिनिटांच्या प्रवेशाचं. प्रत्येक वाक्यात त्या नाव घेत होत्या. केसरीनाथांना वाटलं. केसरीनाथांनी मला आपणहून सांगितलं. केसरीनाथ मनाने वाईट नाहीत. कासम त्यांच्या ओठांकडे बघत होता. त्याचं हसू हळूहळू उतरत गेलं.

रिक्षावाल्याने भोंगा वाजवला. बाई उठल्या. “तो प्रवेश मी तुम्हाला दाखवणार आहे. ठाण्याच्या प्रयोगाला या,” म्हणाल्या आणि गेल्या. पोरं रिक्षामागे धावली.

ओट्यावर दोघं राहिले.

“कासम,” केसरीनाथ म्हणाला.

कासम धोटा उचलून त्याच्याकडे पाठ करून बसला. केसरीनाथ बोलत राहिला. चुकलं म्हणाला. जळलो म्हणाला. चिखलात उतरून पलीकडून फिरून त्याच्या समोर आला, आणि ओठ मोठे करून, सुटं सुटं, पुन्हा तेच म्हणाला.

कासमने डोळे मिटून घेतले.

तय्यबाभाभी दारात होत्या. त्या म्हणाल्या, “आज न्हाय, भाऊ. आज घरी जा.”