हसल्या की हवा शिरते

सेनगावला आमच्या अंगणात जुनी जीप होती. तिचा ब्रेक दाबला की चिखलात पाय घातल्यासारखा खाली जायचा, आणि दुसऱ्या दिवशी बहिणीला पुसेगावला सोडायचं होतं. मी पाना घेऊन चाकाशी बसलो होतो. रस्त्यानं चाललेला एक धोतरवाला थांबला.

"ब्रेकात हवा हाय. काढू आपुन," म्हणाला आणि नाव-गाव न सांगता सरळ जीपखाली शिरला.

माझ्या बायकोला त्यानं ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवून सीटवर बसवलं. खालून तो ओरडायचा, "दाबा, वयनी, दाबा... धरा!" मग चाकाजवळची नळी सैल करून फसफसतं तेल काढायचा. पण मधेच सवयीनं बैल हाकल्यागत "च्यक् च्यक्" करायचा. बायकोला हसू फुटलं, नळी उघडी असतानाच पाय निसटला, आणि काढलेली हवा पुन्हा आत!

"हसू नका, वयनी! तुमी हसल्या की हवा शिरून राहिली!"

यावर मीही हसलो. चारदा तेच झालं. शेवटी तोही जीपखाली खदखदायला लागला.

पेडल टणक झालं, तसा तो अंगणाच्या टोकाला छाती काढून उभा राहिला.

"आणा आंगावर!"

"काहून?"

"काम माझं हाय, मंग भ्यायचं काहून?"

मी जीप सुरू करून त्याच्या दिशेनं नेली आणि ब्रेक दाबला. त्याच क्षणी त्यानं हात वर करून बैल थांबवतात तशी आरोळी दिली, "होऽऽ!" जीप वीतभर अलीकडे थांबली.

"ऐकती बराबर," म्हणत त्यानं बॉनेटवर थाप मारली आणि चालू लागला.

अजूनही ब्रेक दाबताना माझ्या तोंडून "होऽऽ" निघतं. शेजारून बायको म्हणते, "हसवू नका, हवा शिरंल."