चालायला शिकवलेल्या कोंबड्या

चोची कापण्यात ठमाबाईचा हात धरणारं सिन्नरच्या पट्ट्यात कुणी नव्हतं. ऐकायला बरं वाटत नाही, पण पोल्ट्रीवरचं तिचं कामच ते होतं. आठवड्याचं पिल्लू डाव्या मुठीत घ्यायचं, अंगठ्याने डोकं धरायचं आणि चोचीचं टोक मशीनच्या लाल तापलेल्या पात्याला लावायचं. चर्र झालं की ते पिल्लू खोक्यात, दुसरं मुठीत. पिंजऱ्यात दाटीने राहणाऱ्या कोंबड्या एकमेकींना टोचून रक्तबंबाळ करतात, म्हणून चोच आधीच बोथट करायची. जागा वाढवण्यापेक्षा हे सोपं.

बावीस वर्षं तिने हेच केलं. नवरा लहानू गेला तेव्हा पोरगी रूपाली चौथीत होती. याच कामावर तिने पोरीला शिकवलं, सातपूरच्या कारखान्यातल्या मुलाला दिलं. घरी आल्यावर हाताला जळका वास यायचा, म्हणून भाकरी थापण्याआधी ती राखेने हात घासायची. दयामाया तिला सुचली नाही. ज्यांना बसून विचार करायला वेळ असतो त्यांनाही सुचली नव्हती, मग तिला नावं कशाला ठेवायची?

मग कायदा आला. कोंबडीला निदान वहीच्या पानाएवढी तरी जागा द्या, अशा धर्तीचा. पानाएवढी! म्हणजे आधी तेवढीही नव्हती. तरी फार्मवाल्यांच्या संघटनेची नाशकात बैठक झाली आणि धंदा बसेल, अंडं गरिबाच्या ताटातून जाईल, मुदत द्या, अशी ओरड झाली. यातलं काही खरं होतं, काही नुसतं घसा बसवणं होतं. मुदत मागायची तर काहीतरी करून दाखवायला हवं, म्हणून ठमाबाईच्या मालकांनी, रंगनाथशेठांनी, एक लहान शेड पिंजऱ्यांविना करायचं ठरवलं. खाली भाताचं तूस, बसायला बांबूच्या दांड्या, अंडी घालायला खोकी. त्यात पिंजऱ्यातल्या तीनशे कोंबड्या आणून सोडल्या. पंधरा दिवसांनी तपासणीला जनावरांचे सरकारी डॉक्टर येणार होते.

कोंबड्या सोडल्या आणि त्या होत्या तिथेच बसल्या. दार उघडं, शेड मोकळं, आणि तीनशेच्या तीनशे एका कोपऱ्यात अंगाला अंग लावून गोळा. पायात चालायचं बळच नव्हतं.

"मावशी, ह्यांना ब्रेक लागलाय का?" सुपरवायझर समाधान म्हणाला. तिच्याच गावचा, तिच्या डोळ्यांदेखत वाढलेला.

"तुला वर्षभर कपाटात कोंडते, मग तू धावून दाखव."

तिने तुसावर बाजरी फेकली. दोन-चार जणी कशाबशा सरकल्या, टोचा मारू लागल्या. दाणा चोचीत येईना. बोथट चोचीला सपाट जमिनीवरचा एकेक दाणा उचलता येत नाही, हे बावीस वर्षांत ठमाबाईला कळलं नव्हतं. पिंजऱ्यापुढच्या पन्हळीत खाद्याचा ढीगच असतो. एक कोंबडी त्याच दाण्यावर सात-आठ वेळा चोच आपटत राहिली. ठमाबाई बघत राहिली. मग तिने बाजरी झाडूने गोळा करून तिचे छोटे छोटे ढीग केले. पण ढिगापर्यंत यायला चालावं लागतं, त्याचं काय?

दुसऱ्या दिवशी ती घरून डालग्यात झाकून आपली गावठी कोंबडी घेऊन आली. काळी म्हणायची ती तिला.

समाधानने आधी दार लोटलं. "मावशी, घरी कोंबडी पाळणार नाही असं लिहून दिलंय आपण सगळ्यांनी. बाहेरच्या पाखरानं रोग येतो. शेठला कळलं तर?"

"कळल तव्हा कळल. मी आन् तू दांडीवर चढून दाखवणार हाय का ह्यांना?"

काळीला कुणी काही सांगायला लागलं नाही. तिने तूस उकरलं, ढीग उधळला, टुणकन दांडीवर चढली. दुपारी उन्हाच्या पट्ट्यात आडवी होऊन पंख पसरून धुळीत लोळली. कोपऱ्यातला गोळा बघत होता. तिसऱ्या दिवशी एक उठली. पाचव्या दिवशी सात-आठ जणी काळीच्या मागे लंगडत फिरत होत्या. ज्या उठत नव्हत्या त्यांना ठमाबाई पोटाखाली हात घालून उभं करायची, "चल गं बाई, पाय टाक," म्हणत ढिगाकडे न्यायची. सकाळी दारात उभी राहून "ती-ती-ती" अशी हाक मारायची. बाराव्या दिवशी त्या हाकेला सगळं शेड धावत आलं. पायात पाय अडकून एक-दोघी पडल्याही. ठमाबाई तुसात फतकल मारून बसली आणि पदर तोंडाला लावून हसली. तिला असं हसताना समाधानने कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टर आले, खूष झाले. "ही काळी पाहुणी कोण?"

"ती मास्तरीण, साहेब," शेठ मोठ्याने हसले. "आमच्या ठमाबाईंनी आणलीय."

फोटो काढले, चांगला अहवाल गेला. त्या दिवशी ठमाबाईने धीर करून विचारलं, "शेठ, हे शेड ऱ्हाईल ना?"

"राहील की. तुझ्याकडेच ठेव. चोचीचं काम दुसरी कुणी बघेल."

तिने त्यावर विश्वास ठेवला. दीड महिना ती रोज उजाडता उजाडता जायची. तिच्या हाताचा जळका वास गेला. राखेने घासायची सवय मात्र गेली नाही.

संघटनेला हवी होती तेवढी मुदत मिळाली. त्याच आठवड्यात, गुरुवारी सकाळी, शेठनी तिला बोलावलं. "ठमाबाई, तू बाहेरची कोंबडी आत आणलीस. रोग पसरला तर शेजारच्या शेडमधल्या वीस हजारांचं काय? हे शेड रिकामं करावं लागणार. नियम तू मोडलास, मी नाही."

ठमाबाईने हात जोडले. "शेठ, एकही शिंकत नाय हो. या, बघा तरी. आन् लईच वाटत आसंल तर काळीला मारा. गुन्हा तिचा नि माझा. त्या पोरींना ऱ्हाऊ द्या."

शेठ वाईट माणूस नव्हते. म्हणूनच तिच्याकडे न बघता निघून गेले.

कत्तलीला कोंबड्या नेणाऱ्या व्यापाऱ्याची गाडी दारात उभीच होती. पिंजऱ्यातल्या कोंबड्या पकडायला सोप्या, हात घालून ओढल्या की झालं. या मात्र पळायला लागल्या. दांड्यांवर चढल्या, खोक्यांमागे शिरल्या. पकडणारे दोघे घामाघूम झाले. पळताना दोन-तीन जणींचे पाय मोडले. तेव्हा समाधान ठमाबाईजवळ आला. "मावशी, तू हाक मार. निदान मोडतोड तरी व्हायची नाही."

तिलाही ते पटलं. दारात उभी राहून तिने हाक मारली.

"ती-ती-ती."

सगळ्या धावत आल्या. पहिली काळी होती. तिलाही क्रेटमध्ये भरलं. शेड रिकामं म्हणजे रिकामं.

त्यानंतर ठमाबाई कामावर गेली नाही. रूपालीने तिला सातपूरला नेलं. तिथे ती भाजी निवडायची, नातीची वेणी घालायची, आणि कुणी विचारो न विचारो, सांगायची, "माझ्या पायी तीनशे जीव गेले." रूपाली म्हणायची, "आई, त्या कोंबड्याच होत्या. कधीतरी जाणारच होत्या." हे खरं होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

वर्षभराने समाधानलाही सातपूरलाच एका वर्कशॉपमध्ये काम मिळालं. दुसऱ्या पाळीला जाता जाता तो एकदा भेटायला आला. चहा होईपर्यंत ठमाबाईने आपली तीच गोष्ट लावली. माझ्या पायी, माझ्या काळीपायी.

समाधानला ते ऐकवेना. "मावशी, पुरे आता. तुझ्यापायी नाही. गाडी सोमवारीच सांगितली होती. मुदत मिळाल्याचा फोन आला, त्याच दुपारी. मीच सांगितली, शेठच्या सांगण्यावरून. काळी नसती तरी शेड जाणारच होतं. कुणी विचारलं तर सांगायला शेठला एक कारण हवं होतं, बस."

त्याला वाटलं, म्हातारीच्या छातीवरचा दगड उतरेल.

"सोमवारी," ती म्हणाली.

"हो."

"म्हंजी बेस्तरवारी तू मला हाक मार म्हणला, तव्हा तुला ठाऊक व्हतं."

समाधानने मान खाली घातली. "होतं."

ठमाबाईने कप त्याच्यापुढे सरकवला.

"चहा घे," ती म्हणाली. "निवतोय."

मग ती उठून मोरीत गेली. नळ सुरू झाला आणि हात घासल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.