बाबांनी घासलेल्या मिठाच्या चकत्या

धातू नसलेल्या पदार्थांतून वीज वाहील का, हे मी उमेदीच्या वर्षांत शोधत होतो. बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "मंग त्याच्यावर दिवा लागंल का?" नाही, म्हणालो. "पंखा?" तोही नाही. "मंग बरा हाय," असं म्हणून ते कामाला निघून गेले. पनवेलच्या खाडीकाठी मिठागरात त्यांचा जन्म गेला होता. माझं काम त्यांना बिनकामाचं वाटे, पण मला कामाला लावण्यापेक्षा शिकू देणं त्यांना जास्त आवडे.

साठ सालानंतरची गोष्ट. मुंबईच्या प्रयोगशाळेत वर्षभर डोकं फोडून मी चिमूटभर काळे स्फटिक मिळवले होते. त्यांच्यातले दोन वेगळे रेणू एकमेकांशी इलेक्ट्रॉनची देवघेव करतात का, हे अवरक्त किरण सोडून तपासायचं होतं. हे किरण साध्या काचेतून जात नाहीत. म्हणून नमुना मिठाच्या दोन पारदर्शक चकत्यांमध्ये धरायचा. आमच्याकडे अशी एकच जोडी होती, परदेशातून आणलेली, आणि दमट हवेने तिच्यावर मोतीबिंदूसारखा पडदा चढलेला. माझे मार्गदर्शक सर पुढच्याच आठवड्यात वर्षभरासाठी परदेशी निघाले होते. त्याआधी या किरणांचा आलेख हाती आला नाही तर माझा प्रबंध वर्षभर लटकणार होता, आणि स्फटिक तर तोवर खराबच झाले असते.

चकत्या घासून स्वच्छ करणं हे विद्यार्थ्याचं काम. मी शनिवारभर घासल्या; माझ्या घामेजल्या बोटांनी त्या आणखीच बिघडल्या. शेवटी रविवारी सरांना न विचारता डब्यात घातल्या आणि एस.टी.ने घरी आणल्या. वैशाखातली दुपार तरी कोरडी मिळेल, एवढीच आशा.

ओटीवर डबा उघडून मी ऐटीत म्हणालो, "बाबा, हे मीठ हाय."

"या काचा हायत."

"मीठच हाय. बघा तर."

त्यांनी चकती उचलली आणि मी तोंड उघडायच्या आत तिला जीभ लावली. आगरातला कुणीही हेच करील. तिथे मीठ पारखतात ते जिभेवर. डोळ्यांवर कुणाचा भरवसा नसतो. "खरंच की रं!" त्यांचा चेहरा उजळला. "आनि जराबी कडू नाय. कुनाच्या आगराचा?"

"अक्कल हाय का तुमाला?" मी असा ओरडलो की शेजारची माणसं दारात आली.

वडिलांशी असं मी कधीच बोललो नव्हतो. बाबांनी चकती अलगद खाली ठेवली आणि ते आत गेले. आता दोन दिवस जेवणार नाहीत, असं मला वाटलं. पण ते धोतराचा जुना, मऊ तुकडा घेऊन बाहेर आले. "कसा घासाचा, दाव."

मी बारीक पूड आणि स्पिरिट पुढे केलं. चाळीस वर्षं मिठात राबलेले त्यांचे हात. कातडं जाड, कोरडंठाक. चकतीवर बोटाचा ठसा म्हणून उमटेना. ते हळूहळू, गोल गोल घासत राहिले. मधेच खाडीकडून झुळूक आली तसे दचकून म्हणाले, "झाक, झाक! आता पानी पिल ता मीठ." वारा पडेपर्यंत डबा त्यांनी उघडू दिला नाही. उन्हं कलली तेव्हा चकत्यांतून समोरच्या खुंटीवरची छत्री स्वच्छ दिसत होती. मला रडू यायचंच बाकी होतं. माफी मात्र मी मागितली नाही.

सोमवारी आलेख निघाला. हवा तो खड्डा हव्या त्या दिशेला सरकलेला; म्हणजे रेणूंची देवघेव खरी होती. सरांनी चकती उजेडात धरली. "इतक्या स्वच्छ चकत्या मी इथे पाहिल्या नाहीत. कुणी घासल्या?"

"मीच," मी म्हणालो.

न विचारता बाहेर नेल्या होत्या, ही एक भीती. पण खरं कारण ते नव्हतं. बरोबरची मुलं वकील-प्राध्यापकांची. माझे वडील मिठागरात राबतात, हे सांगायची मला लाज वाटली.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "सायेब काय बोल्ला?"

"तुमाला नमस्कार सांगितलाय."

तो नमस्कार महिनाभर आगरातून फिरत होता.

पुढे प्रबंध बांधून आला, सोनेरी अक्षरांचा. मी तो घरी नेला. बाबांनी आधी हात पुसले, मग विचारलं, "माजा नाव कुठं हाय?"

त्यांना वाचता येत नव्हतं. मी आभाराचं पान उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"लांब हाय रं," ते खूश होऊन हसले. आईला हाक मारून त्यांनी स्वतः बोट ठेवून दाखवलं, बरोबर त्याच ओळीवर. त्या ओळीत मी टाइप करणाऱ्या गृहस्थांचे आभार मानले होते.