डोंगरातल्या जनावराचा खुराक

लग्न होऊन मी पेणहून रोह्याला आले आणि तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवू लागले. नवरा धाटावच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये होता. घर पुलापलीकडे, अष्टमी गावात. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं ती. नवऱ्याचा शाळेपासूनचा एक मित्र बोटीवर नोकरीला होता. सुट्टीवर आला की आमच्यासाठी साबण, चॉकलेटं असं काहीबाही आणायचा. एका वर्षी त्याने खोका आणला. आत एक जाड इंग्रजी पुस्तक आणि आठ, बारा, वीस बाजूंचे रंगीत फासे.

खेळ साधा होता. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. "मी आता असं करते," म्हणायचं. जमलं की फसलं ते फासे सांगणार, आकडा जितका मोठा तितकं बरं. गोष्ट सांगायचं काम मित्राचं. नवरा झाला योद्धा, मी झाले वैद्य. माझी नणंद बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिने चोर व्हायचं पसंत केलं. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की आम्ही सतरंजीवर बसायचो आणि चहाची वेळ टळून जायची.

मित्राने सांगितलेल्या गोष्टीत एक डोंगर होता. डोंगरात गुहा, गुहेत खजिना आणि खजिन्यावर पंख असलेलं, आग ओकणारं एक अवाढव्य जनावर. पायथ्याच्या गावातून ते दर आठवड्याला गुरं उचलून न्यायचं. नवऱ्याने तलवार काढली. नणंद मात्र जागची हलली नाही.

"ते खातं किती?" तिने विचारलं.

"खातं काहीतरी. तू आत शिरतेस की नाय ते सांग," मित्र म्हणाला.

"असं कसं? पोट भरलेलं असेल तर मी आत शिरीन. उपाशी असेल तर नाही."

पुस्तकात जनावराची ताकद होती, आगीचा पल्ला होता, कातडीची जाडी होती. खुराक नव्हता. मित्र थोडा चिडला. "वहिनी, तुम्ही जीवशास्त्रवाल्या ना? मग काढा तुम्हीच हिशोब," म्हणाला आणि त्याने फासे खोक्यात भरले.

मी ते मनावर घेतलं. पुढच्या शनिवारी पुस्तक पिशवीत घातलं आणि एसटीने पेणला माहेरी गेले. बाबा गुरांचे डॉक्टर. सगळी नोकरी त्यांनी खारपट्ट्यातल्या म्हशी आणि डोंगराकडच्या गाई तपासण्यात घालवली होती. नुकतेच निवृत्त झाले होते आणि दिवसभर पेपर वाचून तोच पुन्हा वाचायचे. मी भीतभीतच पुस्तकातलं चित्र त्यांच्यापुढे धरलं. हसतील असं वाटलं होतं.

त्यांनी चष्मा लावला. "वजन किती याचं?"

"दिलेलं नाही."

"मग खुराक कसा काढणार? वजनाशिवाय मी शेळीलासुद्धा औषध दिलं नाही कधी."

म्हशीचं वजन ते छातीचा घेर आणि लांबी मोजून काढत. इथे घेर मोजायला जनावर नव्हतं.  मग त्यांनी स्कूटर काढली आणि मला मागे बसवून हमरापूरला नेलं. तिथल्या गणपती करणाऱ्या एका मूर्तिकाराची गाय त्यांनी कधीतरी वाचवली होती. त्याला चित्र दाखवून म्हणाले, "हे असंच करून दे. आणि शेजारी हा माणूस, याच मापात."

मूर्तिकाराने चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. "साहेब, याला सोंड नाय?"

"नाही."

"हातबी नायत. मोदक कुठं ठेवू?"

बाबांनी त्याला नीट समजावून सांगितलं. आठवड्याने मी पुन्हा पेणला गेले तेव्हा जनावर तयार होतं, प्लास्टरचं, वर तैलरंग मारलेलं. त्याने आपल्या मनाने डोळे फार प्रेमळ काढले होते. बाबांनी काठोकाठ भरलेल्या बादलीत ते बुडवलं आणि सांडलेलं पाणी दुधाच्या मापाने मोजलं. त्याच्यासोबत केलेल्या छोट्या माणसाच्या मापावरून खऱ्या जनावराचं आकारमान काढलं. "उडतं म्हणजे हाडं पोकळ असणार," म्हणत वजन बरंच कमी केलं. तरीही दोन-तीन हत्तींएवढं भरलं. आई दारात उभी राहून हे बघत होती. "रिटायर झाल्यापासून आज पहिल्यांदा पेपर वाचायचे विसरलेत," ती मला हळूच म्हणाली.

मग खुराक. मोठं जनावर वजनाच्या मानाने कमी खातं, तरीसुद्धा ते उष्ण रक्ताचं धरलं तर महिन्याभरात त्या गावात औषधालाही गुरं उरली नसती. अजगरासारखं थंड रक्ताचं धरलं, तर एकदा भरपेट खाऊन कितीतरी आठवडे पडून राहिलं असतं. दर आठवड्याला येणं कशातच बसेना. मी म्हटलं, मी रोह्याला जाऊन सांगते त्यांना. "तू नीट सांगणार नाहीस," असं म्हणून बाबा स्वतःच माझ्याबरोबर एसटीत बसले. जनावर मांडीवर, पेपरात गुंडाळलेलं.

रविवारी ते आमच्या सतरंजीवर बसले आणि मित्राची उलटतपासणी सुरू झाली.

"डोंगरात सांबर, डुक्कर आहेत?"

"आहेत, काका."

"मग हे गावात का उतरतं? नेतं काय? मोठा बैल नेला कधी?"

मित्र विचारात पडला. "वासरं नेतं. शेळ्या."

"म्हणजे मऊ. अर्धवट खातं, म्हणून पुन्हा पुन्हा यावं लागतं," बाबा म्हणाले. "गागोद्याकडे एक बिबट्या असाच कोंबड्या-कुत्री उचलायचा. पकडला तेव्हा सुळा मोडलेला होता. या जनावराची दाढ दुखतेय."

"पुस्तकात तसं काही नाय, काका."

"पुस्तकवाल्याने जनावर तपासलं होतं का?"

 मित्राने पुस्तक मिटलं आणि वीस बाजूंचा फासा बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो टाकला. एकोणीस पडले. मित्र गंभीरपणे म्हणाला, "वरची डावी दाढ सडलेली आहे."

ती संध्याकाळ दाढ काढण्यात गेली. वैद्य म्हणून गुंगीचं औषध मी द्यायचं होतं. मात्रेवरून बाबांचं आणि माझं वाजलं. थंड रक्तात औषध सावकाश चढतं, थांब, असं ते सांगत राहिले आणि मी थांबले. नणंदेने गावच्या विहिरीवरचा दोर चोरून आणला. आठवडेच्या आठवडे लढाईची वाट बघणाऱ्या माझ्या नवऱ्याला भाला आडवा धरून जनावराचा जबडा उघडा ठेवावा लागला. ऐन वेळी त्याचे फासे वाईट पडले. जनावर शिंकलं आणि योद्ध्याच्या मिशा जळाल्या. पण दाढ निघाली. जनावर गाढ झोपलं आणि नणंदेने विचारलं, "आता खजिन्याकडे कोणाचं लक्ष नाही ना?"

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. माझ्या लहानपणी ते अंगाला फिनेलचा वास घेऊनच घरी यायचे, जेवायचे आणि झोपायचे. माझ्याशी ते पत्तेसुद्धा कधी खेळले नव्हते. खेळ त्यांना आवडत नसेल, असं मी धरून चालले होते.

मित्र बोटीवर परत गेला, खोका आमच्याकडे ठेवून. बाबा एकाआड एक रविवारी येऊ लागले, येताना आईने दिलेले पोह्यांचे पापड घेऊन. गोष्ट आता मी सांगायचे. त्या वर्षी अकरावीला चयापचय मी त्याच जनावरावरून शिकवलं. तास संपल्याची घंटा झाली तरी मुलं उठेनात. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, आग ओकायला त्याला वेगळं खायला लागत असेल ना?"

मला उत्तर येत नव्हतं. रविवारी विचारून सांगते, असं मी वर्गाला सांगितलं.